कढीपत्त्याखालची बोट

बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत प्रत्येक फ्लॅटला पार्किंगची एक जागा आहे, आणि आमच्या जागेत बोट उभी आहे.

होय, बोट! शोभेची नव्हे, मुलांना खेळायला आणलेली नव्हे. चांगली फायबरग्लासची, मोटरवर चालणारी, पुढून टोकदार, मागून रुंद, आणि गाडीला असतं तसं गोल स्टिअरिंग असलेली. जुन्या हिंदी सिनेमात शेवटी शेवटी खलनायक जिच्यातून पळून जातो, तसली. आमच्याकडे गाडी नाही. त्यामुळे "तुमच्याकडे कुठली गाडी?" असं कुणी विचारलं की प्रमोद, म्हणजे माझा नवरा, आधी इकडेतिकडे बघतो आणि मग हवापाण्याचा विषय काढतो.

हा उद्योग माझा. मी अनघा. वय सांगत नाही, पण रिटायर झाल्यावर माणसाच्या अंगात जे संचारतं ते माझ्या अंगात जरा आधीच संचारलं. गोष्टी सुरू करण्याचा मला दांडगा अनुभव आहे. पुऱ्या करण्याचा नाही. माझी सतार गवसणीत आहे. मोडी लिपीत मी फक्त स्वतःचं नाव लिहू शकते, आणि ते दुसऱ्या कुणालाही वाचता येत नाही. प्रमोदसाठी विणायला घेतलेला स्वेटर एका बाहीवर थांबला. (बोरिवलीत स्वेटर कशाला, हा प्रश्न त्याने ती बाही पुरी झाल्यावर विचारला!) "मला एक कल्पना सुचलीय," असं मी म्हटलं की माझ्या सासूबाई उठून देवापुढे दिवा लावतात. सकाळ असली तरी लावतात.

तर बोटीकडे येते. माझं ऑफिस अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत. तिथे कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यात एक भलीमोठी, लांबोडकी कुंडी होती. कढीपत्त्याचं तरारलेलं झाड, अळू, वॉचमनने लावलेल्या मिरच्या. अख्ख्या ऑफिसच्या फोडण्या त्या कुंडीवर चालायच्या. माझ्याही घरी वर्षानुवर्षं तोच कढीपत्ता. एके दिवशी डबा खाऊन मी नेहमीसारखी पानं खुडायला गेले, तर भंगारवाला हातात करवत घेऊन उभा आणि शेजारी आमचा वॉचमन रडवेला.

"काय चाललंय हो?"

"मॅडम, नवे मालक सगळं साफ करतायत. झाडं काढली. आता बोट कापून नेणार."

"कुठली बोट?"

"ही काय! जिच्यातनं तुम्ही रोज पत्ता नेता ती."

मी वाकून बघितलं. माती उपसल्यामुळे आतलं सगळं उघडं पडलं होतं. पुढे निमुळतं नाक, बाजूला पिवळी पडलेली काच, आणि अळवाच्या मुळांत गुरफटलेलं एक पांढरं स्टिअरिंग! कोणे एके काळी कारखान्याच्या मूळ शेटजींनी हौसेने घेतलेली बोट. शेटजी गेले, हौस गेली, पावसाने पाणी भरलं, वाऱ्याने माती भरली, आणि वॉचमनने मिरच्या लावल्या. मी इतकी वर्षं बोटीतला कढीपत्ता खात होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. भंगारवाल्याने करवत टेकवली.

"थांबा!" मी अशी ओरडले की करवत त्याच्या पायावर पडता पडता वाचली.

"मॅडम, इसका आप क्या करोगे?"

"चालवणार!"

हे वाक्य मी म्हटलं तेव्हा मला पोहता येत नव्हतं. आजही येत नाही.

नव्या मालकांनी "आजच्या आज उचला आणि आमची सुटका करा" या अटीवर बोट मला देऊन टाकली. गणपतीच्या मूर्ती वाहणारा एक टेम्पोवाला मिळाला. त्याला मूर्तींची सवय, त्यामुळे तो प्रत्येक खड्ड्यापाशी थांबून, हात जोडून पुढे जायचा. मी पुढे त्याच्या शेजारी, मांडीवर वॉचमनने वाचवून दिलेलं कढीपत्त्याचं रोप. गोरेगावच्या सिग्नलला एक रिक्षावाला वाकून मागे बघायला लागला, मग माझ्याकडे बघायला लागला. चेहरा गंभीर करून म्हणाला, "मॅडम, इस साल इतना पानी आनेवाला है क्या?"

संध्याकाळी प्रमोद बँकेतून आला तेव्हा बोट जुन्या टायरांवर चढवून पार्किंगमध्ये बसवून झाली होती.

"अनघा, हे काय आहे?"

"तुला काय वाटतं?"

"मला जे वाटतंय ते नसू दे."

तेवढ्यात वरून, गॅलरीतून सासूबाईंचा आवाज आला, "गो अनघा, ही होडी खयसून हाडलंस?" आमच्या आई मालवणकडच्या. माहेर थेट खाडीच्या काठावर. घरात एक दर्यावर्दी माणूस आहे, या कल्पनेने मला केवढा धीर आला होता! पुढे त्या धीराचं काय झालं ते सांगेनच.

पहिलं काम म्हणजे जुना रंग आणि कुजका थर घासून काढणं. मी पॉलिश पेपर आणला, डोक्याला ओढणी बांधली आणि रविवारी सकाळी घासायला बसले. आता फायबरग्लास म्हणजे शेवटी काचेचाच धागा. तो घासला की त्याची बारीक पूड उडते. ती अंगाला लागली की खाज सुटते, आणि अशी तशी नाही! मी खाजवलं, प्रमोदने खाजवलं. प्रमोद बँकेत खाजवत गेला तर कॅशियरने त्याला वेगळा पेला दिला. पण खरी गंमत म्हणजे वारा. वाऱ्याने ती पूड उचलली आणि पहिल्या मजल्यावरच्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर नेऊन टाकली. पहिल्या मजल्यावर राहतात आमचे सेक्रेटरी पोतदार. आणि त्या दोरीवर होते त्यांचे झाडून सगळे बनियन.

पोतदार म्हणजे नियमाचा माणूस. मांजर जिन्यात बसलं तरी नोटीस लावतात. त्यांनी तातडीने सोसायटीची सभा बोलावली. एकच विषय: पार्किंगमधली बोट. पोतदार उभे राहिले, चष्मा चढवला.

"सभासदहो! पार्किंग ही वाहनांची जागा..." (उजवी बगल.) "...बोट हे वाहन आहे काय?" (डावी बगल.) "असल्यास..." आणि मग दोन्ही हात मागे नेऊन त्यांनी भिंतीला जी पाठ घासायला सुरुवात केली, तिचं वर्णन मी करत नाही. भाषण तिथेच संपलं.

मी उत्तर द्यायला उठणार तेवढ्यात तळमजल्याच्या शहाभाभी उठल्या. "मी काय बोलते, पोतदारभाई. दर पावसाळ्यात आमच्या घरात गुडघ्यापर्यंत पाणी येते. तेव्हा तुम्ही वरून बघता. बोट असली तर काय वाईट हाय?" तळमजल्याचे सगळे फ्लॅट एकदम त्यांच्या बाजूने! मग कोण आधी बसणार यावर चर्चा सुरू झाली. वृद्ध आधी, मग मुलं, मग फ्रीज. शहाभाभींनी स्वतःची सीट तिथल्या तिथे पक्की करून घेतली. शेवटी पोतदारांनी ठराव लिहिला. दसऱ्याच्या दिवशी बोट पाण्यात तरंगली, तर पार्किंगची जागा तिची. नाही तरंगली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला.

रात्री जेवताना प्रमोद म्हणाला, "अनघा, सोड ना. छान कव्हर शिवू आपण तिला. सतारीसारखं."

तो प्रेमानेच म्हणाला. म्हणूनच जास्त लागलं. घास हातातच राहिला. चिडून बोलला असता तर मी दुप्पट चिडले असते आणि विषय संपला असता. पण माझ्या नवऱ्याने माझ्या हातून काही पुरं होत नाही हे इतक्या शांतपणे मान्य करून टाकलं होतं की त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं! मला त्या क्षणी बोट नको होती, समुद्र नको होता. मला एकदा, फक्त एकदा, हाती घेतलेली गोष्ट शेवटपर्यंत नेऊन दाखवायची होती.

"कव्हर नाही," मी म्हटलं. "दसरा."

आई उठल्या आणि दिवा लावून आल्या.

मग मी हट्टाला पेटले. बोटीच्या तळाला फट होती. ती बुजवायची तर काचेच्या धाग्यांची चटई ठेवायची आणि त्यावर रेझिन ओतायचं. रेझिनमध्ये हार्डनर म्हणून एक औषध घालायचं, म्हणजे ते घट्ट होतं. डब्यावर प्रमाण लिहिलेलं होतं. पण मी आयुष्यात मीठसुद्धा मोजून घातलेलं नाही! घातलं अंदाजाने, आणि म्हटलं, कमी नको पडायला, आणखी थोडं घालू. भांडं म्हणून आईंचं डाळीचं पातेलं घेतलं होतं. ढवळता ढवळता पातेलं गरम झालं, धूर निघाला, आणि बघता बघता त्याचा दगड झाला. आत उलथणं उभं! मी ओढलं, प्रमोदने ओढलं, दोघांनी मिळून ओढलं. पातेल्यासकट उलथणं वर आलं. आईंनी ते हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघितलं.

"ह्यात आता डाळ शिजाची नाय गो," त्या म्हणाल्या. आणि मग माझे हात बघितले. पॉलिश पेपरने सोललेले, रेझिनने चिकटलेले. आतून खोबरेल तेल आणून माझ्या हातांना लावत बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून प्रमोद खाली यायला लागला. आधी नुसता उभा राहायचा. मग "इथे राहिलंय बघ," म्हणायला लागला. मग पॅन्ट वर दुमडून बसायला लागला. या वेळी हार्डनर त्याने डब्यावरच्या प्रमाणात मोजून दिलं आणि फट मी बुजवली. बोटीचे कागद, परवानग्या, लाइफ जॅकेट असली कामं त्याने अंगावर घेतली. बँकेतला माणूस, फॉर्म भरताना त्याची समाधी लागते. चालवण्याचं शिक्षणही त्यानेच घेतलं आणि परवाना त्याच्याच नावाने निघाला, कारण पोहता येतं ते त्याला. म्हणजे मी कॅप्टन, तो फक्त चालवणार.

इंजिन गोराईच्या एका होडीवाल्याकडून जुनं मिळालं. ते मागे अडकवायचं, आणि दोरी ओढून चालू करायचं. आधी तपासून घ्यायला हवं म्हणून आम्ही सोसायटीतलं मोठं निळं पिंप पाण्याने भरलं, त्यात इंजिनाचा पंखा बुडवला आणि प्रमोदने दोरी ओढली. इंजिन पहिल्याच फटक्याला चालू! आम्ही दोघांनी आनंदाने उड्या मारल्या. पिंपातलं पाणीही उडी मारून बाहेर पडलं. समोरून नुकतेच इस्त्रीचे कपडे घालून निघालेले पोतदार येत होते. पिंप रिकामं झालं आणि पोतदार भरले. त्यांनी चष्मा काढला, पुसायला कोरडी जागा शोधली, सापडली नाही, आणि "दसरा!" एवढंच म्हणून ते परत वर गेले.

दसरा आला. बोट आता ओळखू येत नव्हती. खाली निळा रंग, वर दुधासारखी पांढरीशुभ्र, नवी काच, नाकावर स्वस्तिक, झेंडूचं तोरण. मुहूर्ताचा प्रश्न आम्ही मुळीच हलक्यात घेतला नव्हता. दसऱ्याला दुपारी विजय मुहूर्त असतो, त्यावर सुरू केलेलं काम फत्ते होतं, असं आईंनी सांगितलं. प्रमोदने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, मग पंचांग बघितलं. शहाभाभींनी त्यांच्या महाराजांना फोन केला. पोतदारांनीसुद्धा मोबाइलवर ताडून बघितलं आणि "मुहूर्त नियमाला धरून आहे" असा निर्वाळा दिला. राहुकाळ टाळला. शहाभाभींनी दिशाही बघून घेतली. इतक्या सुशिक्षित माणसांनी इतक्या बारकाईने सगळं बघितल्यावर आणखी काय बघायचं राहतं?

टेम्पो निघाला. आई पैठणी नेसून बोटीतच बसल्या, कारण "माका परत परत चढाक-उतराक जमाचा नाय, एकदाच काय ता चढतंय!" त्या दिवशी देवींचं विसर्जन. गोराईच्या रस्त्यावर स्वयंसेवकांनी आमचा हारांनी मढवलेला टेम्पो सरळ देवींच्या रांगेत लावला. एक स्वयंसेवक शिडीवर चढून आत डोकावला.

"मूर्ती कुठाय?"

"मीच ती!" आई म्हणाल्या. "सर बाजूक!"

त्याने घाबरून नमस्कार केला आणि आम्हाला पुढे सोडलं. मुहूर्ताला थोडा वेळ असतानाच आम्ही जेट्टीपाशी पोचलो. मागून रिक्षांतून सगळी सोसायटी. मी ऐटीत टेम्पोतून उतरले आणि खाडीकडे बघितलं.

खाडी नव्हती.

म्हणजे होती, पण लांब. मधे नुसता चिखल. काळाभोर, चकचकीत, त्यावर खेकडे फिरतायत आणि बगळे निवांत उभे आहेत.

"प्रमोद, पाणी कुठे गेलं?"

"मागच्या रविवारी होतं," प्रमोद म्हणाला.

ओहोटी! तिथी, नक्षत्र, राहुकाळ, दिशा सगळं बघितलं, पण ओहोटी बघावी हे एकाच्याही डोक्यात आलं नाही! मी आईंकडे वळले. माझा शेवटचा आधार.

"आई, तुमचं माहेर खाडीकाठी ना? भरती-ओहोटी तुम्हाला कळायला हवी होती!"

"माजा म्हायार खाडयेर आसा," आई म्हणाल्या, "पन मी एश्टीन जाय होतंय!"

पोतदारांच्या चेहऱ्यावर सभेनंतर पहिल्यांदा हसू दिसलं. "वहिनी, ठरावाप्रमाणे..." त्यांनी सुरुवात केली.

"पोतदार, दसरा अजून संपलेला नाही!" मी म्हटलं. "आणि मुहूर्त चुकणार नाही. बसा सगळे!"

हट्ट म्हणजे हट्ट. उतारावर बोट ठेवली. आई, प्रमोद, सीट पक्की केलेल्या शहाभाभी, आणि तरंगते की नाही हे जातीने बघायला पोतदार, असे चौघे आत बसले. पाचवी मी. सगळ्यांना लाइफ जॅकेट घातली. नारळ फोडला. सोसायटीच्या पोरांनी मुहूर्तावर धक्का दिला. शेवाळलेल्या उतारावरून बोट अशी सुसाट सुटली की काठावर टाळ्या पडल्या! चिखलात शिरली, सर्रकन लांबवर गेली, आणि थांबली. काठाशी बांधायचा दोरही आमच्या मागोमाग आला आणि चिखलात निपचित पडला.

बगळ्यांनी एकदा आमच्याकडे बघितलं आणि ते परत आपल्या कामाला लागले. काठावरून कुणीतरी ओरडलं, "मोटर चालू करा ना!" प्रमोदने पाय खाली घालून बघितला. गुडघ्याच्या वर चिखल. पाय बाहेर आला, चप्पल आली नाही. इंजिन विकणारा होडीवाला जेट्टीवर उभा राहून पोट धरून हसत होता. हसून झाल्यावर ओरडला, "बसा आता! सांजेला पाणी येल!"

बसलो. करणार काय? शहाभाभींनी पिशवीतून फाफडा-जिलबी काढली. (गुजराती माणूस दसऱ्याला त्याशिवाय घराबाहेर पडत नाही, हे आमचं नशीब.) आम्ही पाचजण भर उन्हात, नारिंगी जॅकेट घालून, चिखलाच्या मधोमध फाफडा खात बसलो. मी काळजीत होते, आणि काळजीत मला भूक लागते. माझ्या वाट्याचा, आईंच्या वाट्याचा, आणि पोतदार नको म्हणाले म्हणून त्यांच्याही वाट्याचा मी खाल्ला. काठावरचे लोक कंटाळून एकेक करून वडापाव खायला गेले. ऊन उतरायला लागलं तरी पाणी लांबच. पोतदारांनी घड्याळाकडे बघून घसा साफ केला. माझ्या डोळ्यांसमोर तो भंगारवाला आणि त्याची करवत आली. मला रडू यायला लागलं, आणि ते मी जिलबीत लपवायला लागले.

तेवढ्यात आई उभ्या राहिल्या. पदर खोचला, जॅकेट सारखं केलं, पाण्याकडे तोंड केलं आणि हात जोडले. कोकणात काही अडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण बोलतो, बाकीचे होकार देतात. आमच्या घरी हे काम सासऱ्यांचं. ते गेल्यापासून कुणी घातलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" प्रमोदचा आवाज आपोआप निघाला.

"आज दसऱ्याच्या दिवशी माझ्या सुनेन ही होडी पाण्यात घालूचा मनात आणल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!" आता शहाभाभीही.

"...पन हय पाणीच नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे पोतदार! अगदी मनापासून.

"ह्या माझ्या सुनेन आजपर्यंत एक काम पुरा करूक नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" हा सर्वांत मोठा होकार. काठावरून, वडापाव खाणाऱ्या अख्ख्या सोसायटीचा!

"पन ह्या कामात तिना हाताची साला काढल्यान, माजा पातेला घालवल्यान, सगळ्यांका खाजवूक लावल्यान, तरी सोडूक नाय रे म्हाराजा!" आईंनी जोडलेले हात आणखी उंच केले. "तर तिचा ह्या काम तू तडीक ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मी सोडून.

देवाने ऐकलं की भरतीची वेळ झाली, हा वाद आमच्या घरी अजून चालू आहे. पण चिखलातून एक बारीक चकाकती रेघ पुढे आली. मग ती पसरली. खेकडे पळाले, बगळे उडाले. पाणी बोटीच्या नाकाला लागलं, बाजूंनी वळलं, तळाखाली गेलं. मी श्वास रोखून माझी बुजवलेली फट बघत होते. एक थेंब नाही! आणि मग बोट हलली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि अलगद वर आली.

"अनघा," प्रमोद हळूच म्हणाला, "तरंगली गं!"

मी रडले. चांगली मोठ्याने रडले. पोतदारांनी उठून, पडता पडता सावरून जाहीर केलं, "तरंगली! सभासदांनी नोंद घ्यावी!"

आता प्रमोदने इंजिनाची दोरी ओढली. फुर्रर्र. पुन्हा ओढली. फुर्रर्र. पिंपात पहिल्या फटक्याला चालणारं इंजिन खाडीत ढिम्म! काठावर लोक श्वास रोखून उभे. प्रमोदने कपाळाचा घाम पुसला, इंजिनाकडे बघितलं, आणि अचानक त्याच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत न बघितलेलं तेज आलं. लग्नानंतर आमच्याकडे जी जुनी स्कूटर होती, ती चालू होत नसली की तो जे करायचा तेच त्याने आता फर्मावलं.

"सगळे डाव्या बाजूला या! तिरकी करायची!"

"बोट?" पोतदार किंचाळले.

"तिरकी केल्याशिवाय टू-स्ट्रोक चालू होत नाही! या!"

आम्ही पाचजण डावीकडे. बोट कलली. पाणी काठाला टेकलं. पोतदारांनी शहाभाभींना धरलं, शहाभाभींनी आईंना, आईंनी देवाला. प्रमोदने मनातल्या मनात काहीतरी मोजलं, "आता सरळ!" म्हणून ओरडला आणि दोरीला हिसका दिला.

भर्रर्र!

काय तो आवाज! काठावर शिट्ट्या, टाळ्या, रांगेतल्या एका देवीचे ढोलसुद्धा आमच्यासाठी वाजले. पांढरी बोट नाक वर करून निघाली. मागे पाण्याचे दोन शुभ्र पट्टे, समोर मावळतीचं ऊन, झेंडूचं तोरण वाऱ्यावर. प्रवाशांनी भरलेल्या फेरीबोटीतून लोक हात हलवत होते. "सीमोल्लंघन!" प्रमोद ओरडला. आम्ही खाडी ओलांडून पलीकडच्या काठाला गेलो, बोट टेकवली आणि तिथे आपट्याची पानं वाटली. पोतदारांनी माझ्या हातावर पान ठेवलं, "सोनं घ्या, कॅप्टन," म्हणाले, आणि त्यात कुचेष्टा नव्हती. मी हाती घेतलेली गोष्ट पुरी केली होती! माझ्या देखत, माझ्या नवऱ्याच्या देखत, अख्ख्या सोसायटीच्या देखत!

परतीच्या वाटेवर वारा वाढला आणि बोट जरा जास्त डुलायला लागली. बरोबर तेव्हाच शहाभाभींनी मोबाइल लांब धरून आमचा विजयी फोटो काढला. तो आता मोठा करून, फ्रेम करून, सोसायटीच्या लिफ्टशेजारी लावला आहे. (पोतदारांनी स्वतः खिळा ठोकला.) आई पैठणीत ताठ बसल्यात, प्रमोद स्टिअरिंगवर राजासारखा, पोतदार दोन बोटं वर करून हसतायत, शहाभाभींचं अर्धं तोंड आनंदाने फुललंय. आणि मागे एक बाई कठड्यावरून पार खाली वाकलेली आहे, डोकं पाण्याकडे, नुसती नारिंगी पाठ दिसतेय.

नवीन भाडेकरू हमखास विचारतात, "ह्या कोण? आणि इतक्या वाकून काय करतायत?"

"मी आहे ती. बोटीची कॅप्टन," मी सांगते. "खाडीची खोली मोजत होते."